दप्तरदार बसतो कुठे?

आलापल्लीच्या चौकात एसटीतून उतरलेला परका माणूस कुणाचे नाव घेत नाही. 'रेंजर साहेबांचं ऑफिस कुठं?' असे तो विचारतो. साहेब बदलतात, ऑफिसची जागाही बदलते. काम मात्र तेच राहते. कामाच्या नावाने विचारावे, हे शहाणपण संगणकाच्या जाळ्याला यायला बरीच वर्षे लागली.

मोठ्या कचेरीच्या जाळ्यात एक दप्तर असते. कर्मचारी कोण, त्याचा परवलीचा शब्द काय, त्याला अधिकार कोणते, याची नोंद ठेवणारा संगणक म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि मराठी कारभारात दप्तरदार हे पदच झाले. जाळ्यात नव्याने आलेल्या संगणकापुढे पहिला प्रश्न असतो तो हा, की इथला दप्तरदार बसतो कुठे?

आरंभी सगळ्यांची एकच यादी होती. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यातल्या संगणकांची नावनिशी कॅलिफोर्नियातील एका संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ठेवीत. बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी नक्कल शिळी होऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही पद्धत मांडली. ज्याने त्याने आपापली वही सांभाळावी आणि विचारणाऱ्याला योग्य वहीकडे धाडावे, असे तिचे सूत्र. भारताची '.इन' ही वही १९८९ मध्ये उघडली. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने ती अनेक वर्षे सांभाळली. २००५ पासून ती निक्सीकडे आहे.

तरीही सर्व्हरचे नाव आधी ठाऊक असावे लागे. ते प्रोग्रॅममध्ये कोरलेले असे. तो सर्व्हर बंद पडला, की शेजारचा चालू असूनही काम ठप्प. १९९६ मध्ये एसआरव्ही नोंदीची कल्पना आली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिला पक्के रूप मिळाले. आता प्रोग्रॅम विचारतो, 'इथे एलडॅपचे काम कोण करतो?' एलडॅप ही दप्तराशी बोलण्याची, १९९३ मध्ये पुढे आलेली बोली. उत्तरात सर्व्हरचे नाव, त्याच्या दाराचा क्रमांक, अग्रक्रम आणि भार येतो. अग्रक्रमाचा आकडा लहान, त्याला आधी विचारायचे. आकडे सारखे असतील तर भाराच्या प्रमाणात वाटणी. पहिला बोलला नाही तर दुसरा. त्याच महिन्यात बाजारात आलेल्या विंडोज २००० ची अॅक्टिव्ह डिरेक्टरी याच नोंदींवर उभी राहिली. जवळचे दप्तर आधी गाठण्याची सोयही तिच्यात होती.

आमच्याकडे या 'जवळच्या'ला फार किंमत आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाट तुटते. एकाच दूरच्या पत्त्यावर विसंबलेल्या कचेरीचेही असेच होते. मात्र प्रोग्रॅमला दुसरा सर्व्हर सापडावा, तर तो कुणीतरी आधी आणून बसवलेला हवा. ते काम कोडच्या ओळी करीत नाहीत. त्यासाठी माणसाला दूरच्या गावाची आठवण ठेवावी लागते.

आणखी एक. वाट सांगणारा खरेच सांगेल असे नाही. साध्या डीएनएसचे उत्तर वाटेत बदलता येते आणि तोतया दप्तरदार पुढे उभा राहू शकतो. म्हणून सर्व्हर सापडताच परवलीचा शब्द त्याच्या हाती देऊ नये. आधी त्याचे प्रमाणपत्र तपासावे. आपल्या जुन्या कारभारातही मुद्रा पाहिल्यावाचून हुकूम खरा मानीत नसत.