दऱ्या की दर्या? मराठी टाइप करणं अवघड कुणी केलं

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे फार पसरट झालं होतं तिथे थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आधी एक छोटं काम. फोन हातात असेलच. मेसेज लिहायची जागा उघडा आणि ‘डोंगरदऱ्या’मधला ‘दऱ्या’ टाइप करा. काहींना पटकन जमेल. काहींचा कीबोर्ड मात्र परत परत ‘दर्या’ देईल. दर्या म्हणजे समुद्र. ‘र’ची ती एक आडवी नखी जागेवर आली नाही, तर सह्याद्रीचा थेट अरबी समुद्र होतो.

आता ज्यांना जमलं नाही, त्यांनी मनात काय म्हटलं असेल? “मला ना, मराठी टाइपच करता येत नाही.” हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय! आणि प्रत्येक वेळी सूर असाच, की दोष आपला. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या संशोधकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुख्य मुद्दा हाच होता: वस्तू वाईट बनवलेली असली तरी लोक स्वतःलाच मूर्ख समजतात. ढकलायचं दार आपण ओढतो आणि आपणच ओशाळतो. हेच नॉर्मन पुढे १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि त्यांनी स्वतःच्या पदाच्या नावात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले. आज ज्याला आपण यूएक्स म्हणतो, ते नाव तिथून रुळलं.

पण यूएक्सचा प्रश्न त्या नावापेक्षा कितीतरी जुना आहे. मराठीपुरता तर तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो असा: यंत्र आणि लिपी यांचं जमत नसेल, तर वाकायचं कुणी?

सुरुवात छापखान्यापासून करू. शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापायचे ते दिवस. इंग्रजीला लहान अक्षरं सव्वीस, मोठी सव्वीस, वर आकडे आणि विरामचिन्हं. झालं. देवनागरीत मात्र अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, रफार. सगळं धरलं तर शेकडो खिळे. जुळाऱ्यासमोर खणांचा डोंगर. इंग्रजी मजकूर जेवढ्या वेळात जुळायचा, तेवढ्यात मराठीचा होणं शक्यच नव्हतं. रोजचं किंवा आठवड्याचं वर्तमानपत्र चालवणाऱ्याला हे किती जाचत असेल! म्हणूनच या प्रश्नात ज्यांनी हात घातला त्यांत लोकमान्य टिळक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ‘केसरी’च्या निमित्ताने, त्यांनी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणणारा संच तयार करण्यावर मेहनत घेतली. आपण टिळकांना बऱ्याच गोष्टींसाठी ओळखतो, पण फॉन्टचा विचार करणारा संपादक म्हणून फारसं कुणी ओळखत नाही.

टिळक लिपीला हात न लावता खिळे कमी करू पाहत होते. पुढच्या पिढीतले लोक लिपीच बदलायला निघाले. इ, ई, उ, ऊ, ए अशी वेगळी अक्षरं हवीत कशाला? ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार लावा: अि, अी, अु, अू, अे. खणातली पाच-सहा घरं वाचली. हा आग्रह सावरकरांनी धरला, आणि काका कालेलकरांनीही धरला. राजकारणात एकमेकांपासून कोसभर दूर असलेली ही दोन माणसं ‘अि’वर मात्र एक! जुन्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे अंक कधी रद्दीत सापडले तर बघा, त्यात ही अक्षरं भेटतील. कल्पना तर्काने चोख होती. पण लोकांनी ती घेतली नाही. शाळेत गिरवलेली ‘इ’ माणसं छापखान्याच्या सोयीसाठी सोडत नाहीत. माझं प्रामाणिक मत विचाराल तर, बरं झालं.

मग टाइपरायटर. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत टायपिंग इन्स्टिट्यूट पोचल्या. ‘मराठी ३०, मराठी ४०’ हे शब्द तुमच्या घरातल्या कुणीतरी नक्की ऐकलेत. मिनिटाला तितके शब्द. सरकारी नोकरीचं दार त्या परीक्षेतून जायचं. पण यंत्रावर कळा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. शिफ्ट धरली तरी नव्वदच्या आसपास चिन्हं. म्हणून अक्षरांचे तुकडे केले. ‘श’ हवा तर आधी अर्धा ‘श्’, मग काना. ‘कि’ हवं तर आधी वेलांटी, मग ‘क’. उच्चार ‘क’ने सुरू होतो हे यंत्राला काय माहीत! कागदावर जे डावीकडे, ते आधी दाबायचं. म्हणजे टाइप करणारा मराठी लिहीत नव्हता, तुकडे जोडून मराठीचं चित्र बनवत होता. तरी हजारो लोकांची बोटं त्याला सरावली, आणि सरावलेली बोटं हा पुढच्या गोष्टीतला मोठा अडथळा ठरला.

आता कॉम्प्युटर येतो. आणि इथे मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा तुकडा सांगायचाय.

आयआयटी कानपूरमध्ये काही इंजिनिअर देवनागरी पडद्यावर आणायच्या खटपटीत होते. ते काम पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्यांचं ‘जिस्ट’ नावाचं कार्ड असायचं. ते साध्या पीसीत बसवलं की पडद्यावर भारतीय लिपी दिसायच्या. त्याच काळात, १९८६ मध्ये, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एक कीबोर्ड प्रमाण ठरवला: इनस्क्रिप्ट.

त्यातलं डोकं बघा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत व्यंजनामागे स्वर येतोच. मग ‘काका’ लिहिताना उजवा-डावा-उजवा-डावा असा ताल बसतो, तबल्यावर धरल्यासारखा. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, शिफ्टचा तेवढा फरक; ‘ग’-‘घ’ एका कळेवर. वर्णमाला येते त्याला अर्धा कीबोर्ड आपोआप पाठ. आणि ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी. ती उचलून डावीकडे नेऊन ठेवायचं काम यंत्राचं. पहिल्यांदाच यंत्र वाकलं होतं! वर, बंगालीत असो की तमिळमध्ये, ‘क’ त्याच कळेवर.

मग आज आपण सगळे इनस्क्रिप्ट का वापरत नाही?

कारण तो ज्याच्यासाठी बनवला तो माणूस कॉम्प्युटरसमोर बसलाच नव्हता. ज्याला वर्णमाला येते आणि इंग्रजी कीबोर्ड कधी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी तो उत्तम. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर पोचला तो आधीच इंग्रजी येणाऱ्यांकडे, नाहीतर टाइपरायटरला सरावलेल्या कारकुनांकडे. दुकानातून घरी येणाऱ्या कीबोर्डवर देवनागरी छापलेलीच नसायची. समोर इंग्रजीतला ‘के’ दिसतोय, तो दाबला की ‘क’ येतो हे ठीक. पण इंग्रजीतला ‘एच’ दाबून ‘प’ येतो हे कुणी कुणाला सांगायचं? लेआउट बनवणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. कळांवर अक्षरं छापण्याचं काम कुणाचंच नव्हतं, त्यामुळे ते झालंच नाही.

पुढची दहा-पंधरा वर्षं म्हणजे निव्वळ गोंधळ. योगेश, सुरेख, शिवाजी, श्रीलिपी... ज्याचा त्याचा फॉन्ट, ज्याचं त्याचं कोड. युक्ती सगळ्यांची एकच: फाइलमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर टक्का, डॉलर आणि कंसांची खिचडी. मराठी वर्तमानपत्राची साइट उघडली की आधी ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’. दुसऱ्या पेपरसाठी दुसरा फॉन्ट. सर्च करायचा प्रश्नच नाही, कारण सर्च इंजिनच्या दृष्टीने तिथे मराठी नव्हतीच. त्या काळातली सरकारी पीडीएफ आजही मिळते. छान दिसते, कॉपी करून पेस्ट केली की खिचडी. आमच्या धंद्यात याला लेगसी डेटा म्हणतात. मराठीत सांगायचं तर काही वर्षांचं लिखाण डोळ्यांना दिसतं, पण शोधून सापडत नाही.

यावरचं उत्तर खरं तर १९९१ मध्येच आलं होतं: युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, देवनागरीलाही. पण प्रमाण कागदावर येणं आणि हातात येणं यात अंतर असतं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. तो रेखाटला होता मुंबईच्या र. कृ. जोशींनी. जाहिरात, सुलेखन, कविता, आयआयटी मुंबईत शिकवणं, असा सगळा पसारा असलेला हा माणूस. विंडोज एक्सपीवर मात्र गंमत अशी, की देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये आत आत जाऊन एका चौकटीत टिक करावी लागायची, आणि मग विंडोज म्हणायचं, सीडी घाला. सीडी कुणाकडे असायची? सोय होती, पण ती वापरायला किती जण पोचणार?

ज्यांना हौस होती ते पोचले. मायबोली, मनोगत, मिसळपाव या साइट्सनी लिहायच्या चौकटीतच देवनागरीची सोय दिली: इंग्रजी कळा दाबा, उच्चारानुसार मराठी उमटेल. वेगळं काही बसवायला नको, सीडी नको. अमेरिकेत, आखातात बसलेली मराठी माणसं तिथे रात्र रात्र लिहायची. माझ्या मते मराठी इंटरनेटवर रुजली ती या एका चौकटीमुळे.

तोवर आपला खिशातला फोन काय करत होता? हिशोब ऐका. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. त्यात एक जरी देवनागरी अक्षर घातलं की मर्यादा ७० वर. आणि मोजताना काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळं! ‘कि’ म्हणजे दोन. तोच निरोप मराठीत दोन-तीन मेसेजचा व्हायचा. म्हणून आपण ‘काय करतोयस’ इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकलो. पुढे अँड्रॉइड आलं तर सुरुवातीच्या बऱ्याच फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन. या चौकोनांना डिझाइनवाले ‘टोफू’ म्हणतात, आपण पनीर म्हणू. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव त्यावरूनच: नो टोफू. त्या काळात एक जुगाड तोंडोतोंडी पसरला होता. ओपेरा मिनीमध्ये पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ टाकून एक लपलेलं सेटिंग चालू केलं, की मराठी अक्षरं चित्र म्हणून यायची. चित्र तर चित्र, वाचता यायचं.

आणि मराठीची म्हणून खास दुखणी वेगळीच. हिंदीत ‘दऱ्या’मधला हा ‘र’ लागत नाही, मराठीला लागतो. तो लिहायच्या दोन पद्धती युनिकोडमध्ये आहेत. दोन्ही दिसायला सारख्या, आतून वेगळ्या. म्हणून एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं निसटू शकतं. मराठी पद्धतीचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे, पण कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच मिळतात. आणि ‘ॲ’? हिंदीत ‘ऍ’ चालतो, आपला ‘ॲ’ एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला एप्रिल २००८ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. म्हणजे ‘ॲप’ शब्दाचं पहिलं अक्षर ॲप्सच्या आधी अवघे तीन महिने पोचलं!

आज कीबोर्ड फुकट मिळतात, फोनमध्येच असतात. आवाजाने लिहिता येतं. टाइप करायला कधीच न शिकलेल्या आज्या बोलून मेसेज पाठवतात. पण फॉर्म भरताना बघा. नावाच्या रकान्यात मराठीत नाव लिहा, खाली लाल अक्षरांत येतं: ‘अवैध नाव’. कोडमध्ये ती एक ओळ असते, ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. कुठून तरी उचललेली ओळ असते. मी रिव्ह्यूला बसतो तेव्हा ती दिसली की थांबवतो, आणि दर वेळी समोरून तोच प्रश्न येतो: “पण मराठीत नाव भरतंय कोण?”

पुढच्या भागात मोडीबद्दल बोलू. तोवर ‘दऱ्या’ जमलं का, ते कळवा. कोणत्या कीबोर्डवर किती कळा दाबाव्या लागल्या तेही सांगा, मी यादी करतोय. देवनागरीत लिहा, इंग्रजी अक्षरांत लिहा, व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल.