दुरुस्तीची किल्ली

भोपाळ येथे २०१८ साली मध्यप्रदेश शासनाच्या ई-निविदा व्यवस्थेविषयी मोठी शंका उत्पन्न झाली. पाणीपुरवठ्याच्या काही निविदांतील बंद दरपत्रके संगणकात आतूनच बदलण्यात आली, अशी ती तक्रार होती. एप्रिल २०१९ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने नऊ निविदांसंबंधी गुन्हा नोंदविला. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. परंतु त्यामागील प्रश्न जुना आहे: ज्याच्या हाती सर्व दारांची किल्ली असते, त्याच्यावर पहारा कोणाचा?

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. तीत प्रत्येक फाइलीस मालक असे, परवानगी असे. मात्र ‘सुपरयूजर’ नामक अधिकाऱ्यास कोणतेच दार बंद नव्हते. त्यास सबळ कारण होते. वीज अकस्मात गेली की डिस्कवरील नोंदी विस्कटत आणि कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, याचा मेळ बसत नसे. तो बसविणारी ‘एफएससीके’सारखी साधने फाइलींच्या दारातून आत जात नाहीत, परवानग्या ओलांडून ती थेट डिस्कच वाचतात व लिहितात. पण ज्या वाटेने गवंडी शिरतो, त्याच वाटेने चोरही शिरू शकतो आणि जाताना आपली पावले पुसूनही टाकू शकतो.

हे ओळखून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकांनी कृतींची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला; वरच्या श्रेणीच्या प्रणालींत तर यंत्रचालक व व्यवस्थापक यांची कामे वेगळी करावयास लावली. १९९९ साली लिनक्सच्या २.२ आवृत्तीने सुपरयूजरचे अधिकार तुकड्यांत विभागले. परंतु त्यांतील एकाच तुकड्यात पुढे इतके अधिकार साचले की, तो जणू दुसरा सुपरयूजरच ठरला. अधिकार वाटणे कागदावर सोपे, व्यवहारात कठीण!

महाराष्ट्रास हा विचार अपरिचित नाही. शिवकाळी किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे. हिशेब व नोंदी सबनिसाकडे. हवालदारावर अविश्वास म्हणून नव्हे, तर एकाच्या विश्वासावर गड सोपवू नये म्हणून.

दुरुस्तीची किल्ली काढून घेता येत नाही. ती नसेल तर बिघडलेले यंत्र बिघडलेलेच राहील. पण तिच्या वापराची नोंदवही निराळ्या यंत्रावर, निराळ्या माणसाच्या हाती असली पाहिजे. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्याच हाती वही असेल, तर शंका आल्यावर खरे-खोटे करण्यास पुरावाच उरत नाही. आणि त्यात प्रामाणिक किल्लेदाराचीही अब्रू जाते.