प्रौढ मताधिकार (भारत)

ठरावीक वय पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला धर्म, जात, लिंग, मालमत्ता वा शिक्षण यांची अट न घालता मिळणारा मतदानाचा हक्क. स्वतंत्र भारतात तो संविधानाच्या अनुच्छेद 326 ने प्रस्थापित केला.

ब्रिटिश अमदानीत मत हे मुख्यतः सारा किंवा कर भरणाऱ्याचे होते. 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. पण पुढे मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने पडदा पद्धतीचे कारण दाखवून स्त्रियांना मत नाकारले. याच समितीपुढे 1919 मध्ये सिडनहॅम कॉलेजातील तरुण प्राध्यापक भीमराव आंबेडकर यांची साक्ष झाली. अस्पृश्यांना जमीनजुमला मिळू द्यायचा नाही आणि मतासाठी मात्र जमीनजुमल्याची अट घालायची, ही विसंगती दाखवून त्यांनी अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणण्याची मागणी केली. 1919 च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मद्रास व मुंबई प्रांतांनी 1921 मध्ये स्त्रियांना मत दिले, पण मालमत्तेची अट तशीच ठेवून. त्यामुळे त्याचा लाभ मूठभरांनाच झाला.

1928 मध्ये सायमन आयोगापुढे आंबेडकरांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. तो मिळाल्यास राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील, न मिळाल्यास स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकाराची शिफारस केली. तरी 1935 च्या कायद्याने मतदारसंख्या वाढवली ती तीन-साडेतीन कोटींपर्यंतच. त्यात स्त्रीला पात्र ठरवणारी एक वाट अशी होती, की तिचा नवरा मालमत्तेच्या निकषात बसला पाहिजे. मत तिचे, पात्रता त्याची.

संविधान सभेच्या सचिवालयाने संविधान पूर्ण होण्याआधीच, 1948 मध्ये, प्रौढ मताधिकाराच्या पायावर याद्या करायला घेतल्या. फाळणीने विस्थापित झालेल्यांची नावे कोठे नोंदवायची, असे प्रश्न तेव्हापासूनच उभे राहिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (1951–52) मतदार 17 कोटींहून अधिक होते आणि 1951 च्या जनगणनेनुसार साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून पक्षांना चिन्हे दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली गेली. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. यांतील बऱ्याच पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेशात लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगण्याऐवजी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद करवली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला. नावे सांगण्यासाठी बिहारला वाढीव मुदतही मिळाली. अखेरीस देशभरातल्या सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. दीड दशकापूर्वी बायको असणे हीच पात्रता होती. आता त्याच ओळखीने नाव कटले. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण नवऱ्याच्या नावावर चालणारी यादी एकदा मान्य झाली असती तर ती मोडणे अवघड गेले असते. पुढच्या निवडणुकांत ही नावे बव्हंशी यादीत आली.

पूर्वी पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या गोव्यात सार्वत्रिक मताधिकारावर पहिली निवडणूक मुक्तीनंतर, डिसेंबर 1963 मध्ये झाली. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. 2009 मध्ये निवडणूक आयोगाने लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ हा पर्याय दिला आणि 2010 च्या कायदादुरुस्तीने परदेशस्थ नागरिकांना यादीत जागा मिळाली. मत देण्यासाठी मात्र त्यांना मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 62(5) नुसार तुरुंगातील व्यक्तीला मत देता येत नाही, मग ती दोषी ठरलेली असो वा कच्ची कैदी. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी त्या मतदारसंघातील ‘सामान्य रहिवास’ लागतो. महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्त कुटुंबांपुढे ही अडचण आजही येते, कारण पाल आज एका गावाबाहेर असते, तर महिन्याने दुसऱ्या.