सत्तर लाख कार्डांची पलटण

लढाईतला सैनिक आज इथे, उद्या तिथे. घरच्यांना ठाऊक असतो तो जुनाच पत्ता. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या, तेव्हापासून अमेरिकेहून येणारी पत्रं त्यांच्या मागे धावत राहिली आणि बरीचशी इंग्लंडमध्येच अडकली. १९४५ च्या सुरुवातीला बर्मिंगहॅमच्या गोदामांत टपालाच्या गोण्या छताला टेकल्या होत्या. अंदाजे १ कोटी ७० लाख नग. ख्रिसमससाठी घरून पाठवलेले केक उंदरांनी कुरतडून टाकले होते.

हा ढीग उपसला तो '६८८८ वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन' या ८५५ बायकांच्या पलटणीने. पलटणीचं कूळ शोधायचं तर टपालखात्यात जाऊन भागत नाही. मे १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यात महिलांचं सहायक दल निघालं. मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नेत्या मागे लागल्या म्हणून त्यात कृष्णवर्णीय बायकांना जागा मिळाली, तीही दहा टक्क्यांपर्यंतच. फोर्ट डे मॉइन इथल्या प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या अधिकारी-वर्गात ४४० जणी होत्या, त्यांत कृष्णवर्णीय ४०. प्रशिक्षण एकच, पण राहणं-जेवणं वेगळं. त्या चाळीसांत साउथ कॅरोलिनाच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या २३ वर्षांच्या चॅरिटी ॲडम्स होत्या. गोऱ्या बायका परदेशी मोहिमांवर जाऊ लागल्या, कृष्णवर्णीय बायकांना मात्र मायदेशातच ठेवलं गेलं. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी सतत रेटा लावला, तेव्हा कुठे ही पलटण उभी राहिली आणि ॲडम्स तिच्या प्रमुख झाल्या. सैन्याने ती आपणहून उभारली नव्हती, हे विसरू नये.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्या बर्मिंगहॅमला पोचल्या. गोदामांत ऊब नव्हती आणि बाहेर उजेड दिसू नये म्हणून खिडक्या काळ्या रंगवलेल्या. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सातही दिवस. सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत उरकलं. त्यांच्या या वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी सांभाळलेली कार्डं.

अशी सुमारे ७० लाख कार्डं होती. एका कार्डावर एक माणूस: नाव, सैनिक क्रमांक, तुकडी, ठिकाण. नुसत्या नावावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं, कारण रॉबर्ट स्मिथच साडेसात हजारांवर होते. मग सैनिक क्रमांकावरून हा रॉबर्ट कोणता ते ठरवायचं, त्याचं आताचं ठिकाण काढायचं आणि लिफाफ्यावर नवा पत्ता घालायचा. काही लिफाफ्यांवर तर 'ज्युनिअर, अमेरिकी सैन्य' एवढंच लिहिलेलं! तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि टपालाचा शिक्का यांवरून माग काढावा लागे. सैनिक मारला गेला असेल तर पत्र परत घरी धाडायचं. एका पाळीत सरासरी ६५ हजार नग मार्गी लागत. सैन्याने ज्यांची गणती कातडीच्या रंगाने केली, त्या बायका लाखोंच्या फौजेतला एकेक माणूस वेगळा ओळखून काढत होत्या.

याच काळात एक जनरल तपासणीला आला. सगळ्या जणी हजर का नाहीत, म्हणून तो चिडला. एक पाळी कामावर आणि एक झोपेत आहे, हे त्याला पटेना. पलटण कशी चालवायची ते दाखवायला गोरा लेफ्टनंट पाठवतो, म्हणाला. माझ्या जिवात जीव असेपर्यंत ते होणार नाही, असं ॲडम्स यांनी तोंडावर सांगितलं. कोर्टमार्शलची धमकी मिळाली, तरी त्या हटल्या नाहीत. प्रकरण पुढे गेलं नाही.

पुढचा मुक्काम फ्रान्समधलं रुआं. तिथेही तुंबलेलं टपाल वाट पाहत होतं. जुलै १९४५ मध्ये जीपच्या अपघातात तिघी गेल्या. अंत्यसंस्कारासाठी युद्धखात्याने पैसे दिले नाहीत, तेव्हा मैत्रिणींनी वर्गणी काढली. मार्च १९४६ मध्ये पलटण मोडली, ना समारंभ ना संचलन.

या पलटणीला अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. ॲडम्स २००२ मध्येच वारल्या होत्या. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट ली या तळाला जनरल आर्थर ग्रेग आणि चॅरिटी ॲडम्स यांची नावं दिली गेली. २०२५ मध्ये तो पुन्हा फोर्ट ली झाला, आता फिट्झ ली या कृष्णवर्णीय सैनिकाच्या नावाने. फिट्झ ली यांचा मान रास्तच आहे. पण त्यासाठी ॲडम्स यांचं नाव पुसायला नको होतं.