दिनविशेष : २० जून
पारस म्हांब्रे यांचा जन्म (१९७२)

मुंबईचे वेगवान गोलंदाज पारस म्हांब्रे यांचा आज जन्मदिन. १९९६ साली याच तारखेला ते लॉर्ड्सवर भारताकडून खेळत होते. राहुल द्रविड आणि सौरव गांगुली यांचे कसोटी पदार्पणही त्याच दिवशी झाले. म्हांब्रे यांची कसोटी कारकीर्द मात्र दोनच सामन्यांची ठरली. पण गोलंदाजीचे मर्म जाणणाऱ्या या माणसाचे खरे मोठेपण प्रशिक्षक म्हणून दिसले. रणजी संघ, मग १९ वर्षांखालील मुले, अशी वर्षानुवर्षे पडद्याआडची मेहनत त्यांनी घेतली. २०१८चा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे ते गोलंदाजी प्रशिक्षक होते. २०२१मध्ये द्रविड यांच्या साथीने त्यांनी भारताच्या मुख्य संघाची गोलंदाजी हाती घेतली. त्यांच्या याच कार्यकाळात, २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी नमवून टी-२० विश्वचषक जिंकला.