ईश्वरनामे, बायबलमधील

यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांत देवासाठी आलेली नावे व संबोधने. हिब्रू परंपरेत नावातून शील, अधिकार आणि कार्य व्यक्त होते. त्यामुळे देवाचे नाव कळणे हा त्याची ओळख होण्याचाच भाग मानला जातो. यांतली बरीच नावे एखाद्या प्रसंगातून, बहुधा अडचणीच्या वेळी पुढे आली. प्रसंग बाजूला ठेवून नुसती नावे पाठ केली तर हाती फारसे काही लागत नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सृष्टी घडवणारा देव ‘एलोहीम’ आहे. शब्दाचे रूप अनेकवचनी असले, तरी क्रियापद एकवचनी येते. पुढे 99 वर्षांच्या अब्रामाला देव ‘एल शद्दाय’ या नावाने स्वतःची ओळख देतो. मराठी बायबलमध्ये त्याला ‘सर्वसमर्थ’ म्हटले आहे. मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

या दोहोंच्या मध्ये, उत्पत्तीच्या 16व्या अध्यायात, हागारची कथा येते. ती अब्रामाची पत्नी साराय हिची मिसरी दासी. गरोदरपणी मालकिणीचा जाच असह्य झाल्याने ती पळाली आणि शूरच्या वाटेवर रानातल्या एका झऱ्यापाशी थांबली. तिथे देवदूताने तिला नावाने हाक मारली, कुठून आलीस आणि कुठे चाललीस, असे विचारले. तेव्हा तिने आपल्याशी बोलणाऱ्या देवाला ‘एल रोई’, म्हणजे पाहणारा देव, असे नाव दिले. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती कुलपती किंवा संदेष्टा नसून ही परदेशी दासी आहे, याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. तिथल्या विहिरीलाही त्यावरूनच ‘बैर-लहाय-रोई’ हे नाव पडले.

सर्वांत महत्त्वाचे नाव चार हिब्रू व्यंजनांचे आहे. जळत्या झुडपापाशी मोशेने नाव विचारल्यावर मिळालेले उत्तर ‘असणे’ या क्रियापदाशी निगडित आहे (निर्गम 3). हिब्रू बायबलमध्ये हे नाव सुमारे 6,800 वेळा येते. आदरापोटी यहुदी लोक ते उच्चारत नाहीत, त्या जागी ‘अदोनाय’ (प्रभू) वाचतात. ग्रीक भाषांतरातला ‘कुरिओस’ आणि मराठीतला ‘परमेश्वर’ हे त्याच नावाच्या जागी आले. ‘अदोनाय’चे स्वर या चार व्यंजनांना जोडून वाचल्याने ‘यहोवा’ हे रूप रूढ झाले. अभ्यासक ‘याह्वे’ हा उच्चार मूळच्या जवळचा मानतात. कॅथलिक उपासनेत हे नाव उच्चारू नये, अशी सूचना व्हॅटिकनने 2008 मध्ये दिली.

‘यहोवा-यिरे’, ‘यहोवा-निस्सी’, ‘यहोवा-शालोम’ ही जोडनावे भक्तिपर पुस्तकांत देवाची नावे म्हणून दिली जातात. मूळ संहितेत पहिले नाव अब्राहामाने (पूर्वीचा अब्राम) मोरिया प्रदेशातल्या डोंगराला दिले आहे, तर उरलेली दोन मोशे आणि गिदोन यांनी बांधलेल्या वेद्यांची आहेत. मिद्यानी लुटारूंच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडणाऱ्या गिदोनाने आपल्या वेदीला ‘परमेश्वर शांती आहे’ असे नाव द्यावे, हे समजून घ्यायचे तर शास्ते ग्रंथाचा 6वा अध्याय वाचावाच लागतो.

नव्या करारात ‘येशू’ या नावाचा संबंध तारणाशी जोडला आहे. मत्तय त्याच्याबरोबर यशयातले ‘इम्मानुएल’ (आम्हांबरोबर देव) हेही नाव सांगतो. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आदल्या घटकेला, येशूने देवाला ‘अब्बा’ म्हटले. घरात बापासाठी वापरला जाणारा हा अरामी शब्द पौलाने ग्रीक पत्रांतही तसाच ठेवला.

मराठीत फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या (1616) आरंभीच्या नमनात देवाला बाप, सर्वसमर्थ आणि परमेश्वर म्हटले आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी वारकरी संतांच्या वळणाने ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून आळवले; त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.