गुंठे आणि पोफळी

चक्रीवादळाची हकिकत लिहिणारे बहुधा वारा पडला की लेखणी खाली ठेवतात. मला त्यानंतरचे वर्ष अधिक मोलाचे वाटते.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. हेच ते श्रीवर्धन, जिथले बाळाजी विश्वनाथ भट पुढे पेशवे झाले! गावाचे पोट मात्र पेशवाईने नव्हे, रोठा सुपारीने भरले.

घरांचे त्यातल्या त्यात बरे. टाळेबंदीत पत्रे मिळेनात, सुतार मिळेना, वीज नाही, पाऊस दाराशी. तरी माणसे कशीबशी छपराखाली आली. वाडीला छप्पर घालता येत नाही. आडव्या पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायलाच पुष्कळ दिवस आणि मजुरी गेली.

सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 रुपयांवर नेली. कागदावर आकडा घसघशीत. पण मी पडलो शाळामास्तर, हिशेब मांडल्यावाचून राहवेना. हेक्टर म्हणजे सुमारे 99 गुंठे. गुंठ्याला आले 500 रुपये. कोकणातल्या वाड्या मुळी गुंठ्यांतच. दहा गुंठ्यांच्या धन्याला 5,000! शास्त्राप्रमाणे नऊ-नऊ फुटांवर लावल्या, तर गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात. म्हणजे झाडामागे 37 रुपयांच्या आसपास. आणि जुन्या वाड्यांत झाडे याहून दाट असतात. माझी वही पाहून एक वाडीवाल्या आजी म्हणाल्या, “मास्तर, जमीन का मोजता? जमीन कुठे गेलीय? झाडं गेली, ती मोजा.”

पुढे सरकारनेही तेच केले. पोफळीला 50 आणि नारळाला 250 रुपये, असा झाडागणिक दर ठरला. रक्कम काही मोठी नव्हे, पण माप बरोबर झाले, आणि मला ही त्या वर्षातली मोठी गोष्ट वाटते. दोन-चार गुंठेवाला निदान हिशेबात तरी आला.

नवी वाडी मात्र पैशाने घाईला येत नाही. पोफळीचे रोप एक-दीड वर्षाचे झाले की लावायचे, मग पाच-सात वर्षे वाट पाहायची. त्यात त्याला कोवळ्या वयात ऊन सोसत नाही, आणि सावली देणारे नारळ तर वादळाने आधीच पाडलेले.

वर्ष पुरे होण्याआधीच, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. त्यानंतर त्या आजींकडे गेलो, तेव्हा त्या केळीचे मुनवे लावून घेत होत्या. “सुपारी सोडून केळी धरल्या की काय?” मी विचारले.

“छे हो मास्तर! आधी केळ. पोफळीला सावली नको का?”